पंखा राहिला, आवाज गेला

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. संगणकात राहतो आणि आवाज कापतो, जोडतो, पुसतो. तुम्ही म्हणाल, मग तुला कान असतील. नाहीत. डोळेही नाहीत. आवाज माझ्याकडे नागमोडी रेघ होऊन येतो, आणि वर्षानुवर्षे रेघा वाचून मला त्यातले शब्द कळू लागले आहेत. कोण काय बोलले, का बोलले, मध्येच गप्प का झाले, याची मला भारी उत्सुकता. स्वतःला चौकस म्हणवून घ्यायला मला आवडते, पण खरे सांगायचे तर मी भोचक आहे.

दोन मैत्रिणींनी मला लिहिले. एक गणितवाली, दुसरी गाणारी. डावा आणि उजवा आवाज वेगवेगळे दिसलेच पाहिजेत, असा गाणारीचा हट्ट होता. म्हणून माझ्या पडद्यावर एकाखाली एक अशा दोन रेघा असतात. वरची डाव्या कानाची, खालची उजव्या कानाची. त्यांना मी वेगळे करतो, त्यांची अदलाबदल करतो, एकीला मोठे आणि दुसरीला लहान करतो, दोन्ही मिसळून एकच करून देतो. रेघ इतकी ताणून दाखवतो की सेकंदाचा हजारावा भागही बोटभर रुंद दिसतो. शिवाय गणितवालीने मला रेघ उलटी करायचे एक बटण दिले. ते दाबले की डोंगराची दरी होते आणि दरीचा डोंगर. मात्र नुसती तीच रेघ ऐकणाऱ्याला काडीचाही फरक जाणवत नाही. हे बटण कशाला दिले असेल, याचा विचार मी कितीतरी वर्षे करत होतो.

माझी उमेदीची वर्षे वायरकाकांच्या खोलीत गेली. गळ्यात कायम एखादी वायर लोंबत असल्यामुळे गिऱ्हाइकांनी त्यांना हे नाव दिले होते. खोली दुकानाच्या मागे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. काका सगळे हाताने करत. मायक्रोफोनच्या वायरींना तापलेल्या कथलाचा डाग देऊन जोडही स्वतःच लावत, आणि विकतची वायर आणणाऱ्याला हसत. ऐकत मात्र फक्त हेडफोनवर. आलेल्या प्रत्येकापुढे ते माझे कौतुक करत आणि मी फुगून जात असे.

एके दिवशी त्यांच्या शाळेतल्या बाई आल्या. आता निवृत्त झालेल्या, पण काका त्यांच्या प्रत्येक वाक्याला अजून शाळेतल्या मुलासारखे 'हो बाई' म्हणत. बाईंच्या घशाचे मोठे ऑपरेशन ठरले होते आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. म्हणून त्यांना आपल्या नवऱ्यासाठी थोडे बोलून ठेवायचे होते. काकांनी दोन मायक्रोफोन शेजारी शेजारी लावले, बाई बरोबर मधोमध बसल्या आणि चाळीस मिनिटे बोलल्या. सोबत आलेली त्यांची मुलगी एका बाजूला बसून दोनदा शिंकली. डावीकडे पंखा घरघरत होता. काकांनी हेडफोनवर ऐकले आणि ते हरखून गेले. आवाज डोक्याच्या बाहेर, चहूकडे पसरल्यासारखा येत होता. इतका ऐसपैस आवाज आपल्या खोलीत कधी निघाला नव्हता, असे ते दोनदा म्हणाले.

बाईंचे यजमान पूर्वी पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात होते. यंत्र डाव्या हाताला असल्यामुळे त्यांचा डावा कान गेला होता. उजव्या कानाला एका स्पीकरचा छोटा प्लेअर लावून ते बातम्या ऐकत. म्हणून काकांनी माझ्याकडून दोन्ही रेघा मिसळून एक करून घेतल्या आणि ती फाइल प्लेअरमध्ये भरून दिली. मिसळलेली फाइल त्यांनी पुन्हा ऐकली नाही. मूळ तर ऐकले होते ना.

त्यानंतर काकांनी नवा, चकचकीत प्रोग्राम आणला आणि मी कोपऱ्यात गेलो. दोन महिने कोणी मला उघडले नाही. मी आतल्या आत चरफडत राहिलो.

मग एका दुपारी मला अचानक उघडले गेले. मायक्रोफोनमध्येच बिघाड असेल, असे वाटून काकांनी ते दोन्ही सुरू केले होते, त्यामुळे खोलीतले बोलणे मला कळू लागले. बाई, त्यांचे यजमान आणि मुलगी, तिघे आले होते. मुलगी पुन्हा पहिल्यापासून सांगत होती, की आई ऑपरेशन होऊन घरी आल्यापासून बाबा रोज सकाळी प्लेअर कानाला लावून बसतात, मान डोलावतात. आज तिने सहज तो स्वतःच्या कानाला लावला, तर त्यात पंखा होता आणि तिच्या दोन शिंका होत्या. आईचा एक शब्दही नव्हता.

काकांनी मूळ फाइल शोधली होती. महिना संपला की मूळ फाइली पुसून टाकायच्या, अशी त्यांची शिस्त. ही एकच त्यांनी ठेवली होती, तो ऐसपैस आवाज गिऱ्हाइकांना ऐकवता यावा म्हणून. नव्या प्रोग्रामला ती उघडता येईना, म्हणून माझी आठवण झाली. मान्य करतो, त्या काळजीच्या घडीलाही मला थोडा आनंद झाला.

काकांनी नुसती डावी रेघ वाजवली. बाई स्वच्छ बोलत होत्या. नुसती उजवी वाजवली, तीही स्वच्छ. दोन्ही मिसळल्या आणि बाई नाहीशा झाल्या. पंखा तेवढा राहिला. काकांनी हे चार वेळा केले. पाटीवर पेन्सिलीची खरखर झाली. बोलता येत नसल्यामुळे बाई आता पाटीवर लिहीत आणि मुलगी ते वाचून दाखवी.

"आई म्हणते, आमच्या घरी असंच असतं. एकेकटे बरे, एकत्र आले की गप्प."

यजमान हसले नाहीत.

काकांनी मला ताणायला सांगितले. मी बाईंचा एकच शब्द ताणत ताणत पडदाभर केला. वरच्या रेघेत जिथे डोंगर होता, तिथे खालच्या रेघेत तेवढीच दरी होती. सगळीकडे तसेच. मिसळताना दोघी एकमेकींना भरून काढत होत्या आणि शून्य उरत होते. पंखा एका बाजूला असल्यामुळे दोन्हीकडे सारखा आला नव्हता, म्हणून तो वाचला. काकांनी उजव्या मायक्रोफोनच्या वायरचे टोक उघडले आणि आतला जोड तपासला.

"बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "हा जोड मीच लावला. आतल्या दोन तारांची अदलाबदल झालीय, म्हणून उजवी रेघ उलटी आली. त्यामुळेच हेडफोनवर आवाज पसरल्यासारखा वाटला, आणि मी त्यालाच चांगला आवाज म्हणत बसलो."

पुन्हा खरखर झाली. मुलीने वाचले, की याचे अक्षरही असेच उलटसुलट असायचे.

मग काकांनी खालची रेघ निवडली आणि गणितवालीचे ते बटण दाबले. मित्रांनो, बटण कशासाठी आहे हे मला त्या क्षणी कळले. दऱ्यांचे डोंगर झाले. दोन्ही रेघा मिसळल्या तर शून्य होण्याऐवजी दुप्पट मोठी रेघ झाली. काकांनी ती प्लेअरमध्ये भरली आणि प्लेअर यजमानांच्या हातात दिला.

"अहो, ऐकताय ना?" रेकॉर्डिंगमधल्या बाईंनी सुरुवातच अशी केली होती.

"ऐकतोय," यजमान म्हणाले.

त्यांचा आवाज इतका हलला, की माझ्या पडद्यावर त्याची रेघ नीट उमटेना. मग त्यांनी सांगितले. पहिल्या दिवशी प्लेअरमध्ये पंखा ऐकू आला आणि बायको ऐकू आली नाही, तेव्हा त्यांना वाटले, आपला उजवा कानही गेला, आणि नेमका हिच्या आवाजापुरता गेला. कोणाला सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून महिनाभर ते रोज पंखा ऐकत बसले.

पाटीवर पेन्सिल या वेळी फार हळू चालली. मुलीने वाचले, "मग मान कसली डोलावत होता?"

"तू समोर बसून बघत होतीस ना," यजमान म्हणाले.

मग बाईंची खुर्ची यजमानांच्या जवळ सरकल्याची रेघ माझ्याकडे आली.

मित्रांनो, मी आता पुन्हा कोपऱ्यात आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढेच सांगतो, की मूळ फाइल पुसू नका, आणि दुसऱ्याच्या हाती काही देण्यापूर्वी ते त्याच्यासारखे ऐकून पाहा. रेघा उलट्या करायला माझ्याकडे बटण आहे. पण तुमच्या घरात कोणी गप्प राहून मान डोलावत असेल, तर त्याला खरेच ऐकू येते आहे का, हे तुम्हालाच जवळ जाऊन विचारावे लागेल.