कोरडं फडकं

मी एक जुना पॉलिशर आहे, मोटारी घासून चमकवणारं यंत्र, आणि मला राग आलेला आहे. पाच महिने फळीवर पडून आहे, त्यामुळे राग मुरायला भरपूर वेळ मिळाला. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, हे मला ठाऊक आहे. ते उसासे तुम्ही एखाद्या छत्रीकडून नाहीतर सायकलीकडून ऐका. माझ्याकडून जरा खडे बोल ऐकावे लागतील.

आधी माझं काम सांगतो, कारण निम्म्या जगाला ते उलटंच समजलेलं आहे. भर उन्हात एखाद्या मोटारीच्या बॉनेटकडे तिरक्या नजरेनं बघा. चमकणाऱ्या ठिपक्याभोवती बारीक गोल गोल ओरखडे दिसतील, कोळ्यानं जाळं विणावं तसे. ते जाळं काढायला मला बोलावतात. माझ्या तोंडाला स्पंजचा पॅड लावतात, पॅडवर पॉलिशचे चार थेंब टाकतात आणि मी गरगर फिरू लागतो. थोड्या वेळानं जाळं नाहीसं होतं. लोक म्हणतात, "वा! काय चमक लावली!"

लावली? अहो, मी काहीच लावत नाही. मी काढतो! गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. ओरखडा त्या थरात पडतो. मी आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतो, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे दर वेळी गाडीची कातडी थोडी पातळ होते, आणि ती परत कधी वाढत नाही. हे ज्याला कळतं तो मला जपून धरतो. बाकीचे टाळ्या वाजवतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या माझ्या पोटात तांब्याच्या तारा भरल्या, पाच मिनिटं फिरवून पाहिलं, खोक्यात कोंबलं आणि सोबत सूचनांचं एक पातळ पुस्तक ठेवलं. ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. ती म्हणजे वहिनी.

वहिनी एकट्या दिराची वहिनी होती, पण अख्खा रस्ता तिला वहिनीच म्हणायचा. शेजारी शेजारी दोन गाळे होते. एकात दीर गाड्या धुवायचा, दुसऱ्यात वहिनी पॉलिश करायची. तिचा नवरा गाड्या रंगवायचा. तो गेल्यावर तिनं रंग फवारायची बंदूक विकली आणि मला घेतलं. "रंग देणारा गेला," ती म्हणाली होती, "आता दिलेला तरी राखू."

तिचं काम बघत राहावं असं होतं. बांगड्या आणि अंगठी काढून ती डब्यात ठेवायची. अंगातला डगला उलटा घालायची, म्हणजे बटणं आतल्या बाजूला जायची आणि रंगाला लागायची नाहीत. माझी वायर खांद्यावरून मागे सोडायची. गाडीच्या सगळ्या कडांना टेप लावायची, कारण कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो. मग माझ्या वेगाचं चाक दोनवर, फार तर तीनवर ठेवायची. आणि एखादा पॅड जमिनीवर पडला, तर तो नवाकोरा असला तरी पुन्हा माझ्या तोंडाला लावायची नाही.

"वहिनी, फुंकर मारा आणि लावा की," दीर हसायचा.

"पडला तो गेला, भाऊजी. जमिनीवरचा एक खडा पुरतो."

दिराच्या गाळ्यात दर आठवड्याला एक काळी मोटार धुवायला यायची. गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका गृहस्थांची होती ती. त्यांना सगळे थोरले म्हणायचे. नवशिक्यांनी तिचे गिअर रडवले होते, पण रंग असा, की त्यात पाहून दाढी करावी. आठ वर्षांत मी तिच्यावर फक्त एकदा फिरलो. आठवडाभर थोरले तिच्यावर धूळ बसू द्यायचे आणि कुणी हटकलं तर म्हणायचे, "धूळ नुसती बसते, चावत नाही. कोरडी पुसली की चावते."

मग थोरले वारले आणि गाडी त्यांच्या धाकट्या भावाकडे आली.

हा धाकटा भाऊ ग्रंथपाल. दोघा भावांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. थोरल्यांनी वाचनालयाचं एक पुस्तक हरवलं, आणि धाकट्यानं नियमावर बोट ठेवून चारचौघांत त्यांचं कार्ड रद्द केलं. थोरले दारातून परत गेले, ते पुन्हा आले नाहीत. पण मरताना गाडी त्यालाच ठेवली. किल्लीला एक चिठ्ठी बांधली होती. तिच्यावर दोनच शब्द होते: नीट ठेव.

ग्रंथपाल काकांनी ते दोन शब्द मनावर घेतले. त्यांनी बत्तीस वर्षं पुस्तकं पुसली होती. पुस्तकाला पाणी म्हणजे मरण; तिथे कोरडं फडकंच चालतं. काकांनी तोच नियम मोटारीला लावला. रोज सकाळी पिवळं फडकं घेऊन ते गाडी पुसायचे, छपरापासून चाकांपर्यंत, एक दिवस न चुकता. रस्त्याची धूळ म्हणजे बारीक दगडच! रोज सकाळी हा भला माणूस भावाच्या गाडीवर दगड घासत होता, आणि तेही प्रेमानं. अशा प्रेमाचा मला जितका संताप येतो तितका आळशीपणाचासुद्धा येत नाही.

तीन महिन्यांनी ते वहिनीकडे आले. "बघा ना, रोज पुसतो, तरी जाळी वाढतातच आहेत."

"काका, कोरडी पुसू नका. आधी भरपूर पाण्यानं धुवा, मग पुसा," वहिनी म्हणाली.

"हो, हो," काका म्हणाले. घरी गेले आणि पहिल्यापेक्षा मऊ फडकं आणलं. धूळ तीच!

दोन वर्षांत ती गाडी पाच वेळा माझ्या तोंडाखाली आली. वहिनीकडे रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र होतं. दर वेळी ती बॉनेट उचलायची, आतल्या बाजूला चिकटवलेल्या टेपवर पेन्सिलीनं आकडा लिहायची आणि मगच मला हातात घ्यायची. एकशे अठरा. एकशे बारा. एकशे पाच. नव्व्याण्णव. ब्याण्णव. पाचव्या वेळी तिनं आकड्याखाली रेघ मारली आणि काकांना सांगितलं, "आता बस. यापुढे मी हात लावणार नाही."

काका सहाव्यांदा आले.

"काका, उरलेला रंग थोरल्यांच्या वेळचा आहे," वहिनी म्हणाली. "तो मी काढणार नाही. जाळी राहू द्या."

काकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "म्हणजे मी गाडी नीट ठेवली नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

वहिनीनं घड्याळाकडे पाहिलं. तिचं मनगट बरेच दिवस दुखत होतं आणि डॉक्टरांची वेळ झाली होती. ती गेली. इथेच घात झाला. दीर हात पुसत आला आणि म्हणाला, "काका, वहिनी उगाच घाबरते. अर्ध्या तासात आरसा करून देतो."

त्या अर्ध्या तासाबद्दल मी आजही शांतपणे बोलू शकत नाही. त्यानं टेप लावली नाही. डगला घातला नाही. जमिनीवर लोकरीचा खरबरीत पॅड पडला होता, तो उचलून मांडीवर आपटला आणि माझ्या तोंडाला बसवला. माझं चाक एकदम सहावर नेलं आणि मला तिरका करून बॉनेटच्या कडेवर दाबलं. मी ओरडलो. यंत्राला दुसरं काय येतं? पण माझं ओरडणं त्याला जोर वाटला आणि त्यानं आणखी दाबलं. जळका वास सुटला. पांढऱ्या पॅडवर काळा रंग आला. पारदर्शक थर संपला होता, आता मी रंगच खात होतो. त्यानं मला उचललं तेव्हा कडेवर तळहाताएवढा करडा डाग पडला होता.

"मशीन जुनं झालंय," दीर म्हणाला. "अडकतं मधेच."

अडकतं? मी? बारा वर्षांत एकदाही न अडकलेला मी! मला तोंड असतं, तर त्या दिवशी त्या गाळ्याचं छप्पर उडालं असतं.

वहिनी परत आली. तिनं डाग पाहिला. मग दिराकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. चाक अजून सहावरच होतं.

"भाऊजी, हे सहावर कुणी नेलं?"

दिरानं खाली पाहिलं. मला वाटलं, आता ती त्याला फैलावर घेणार. पण ती काकांकडे वळली. तिच्या आवाजात इतका राग मी कधी ऐकला नव्हता.

"काका, खिशातलं फडकं द्या."

काकांनी दिलं. पिवळं, नीट घडी घातलेलं.

"आता चष्मा द्या. धुळीनं भरलाय. पुसून देते."

ती फडकं घेऊन चष्म्याकडे हात नेते न नेते तोच काका मागे सरले. दोन्ही हातांनी चष्मा झाकून म्हणाले, "अहो, त्यानं नको! कोरड्या फडक्यानं काचेवर चरे..."

आणि तिथेच थांबले.

 काका खुर्चीवर बसले. फडक्याकडे बघत म्हणाले, "गाडीवर धूळ दिसली की मला वाटतं, मी त्याला पुन्हा दारातून परत पाठवतोय."

वहिनीचा राग ओसरला. माझा नाही. तिनं त्यांना थोरल्यांचं धुळीबद्दलचं वाक्य सांगितलं. काका हसले आणि रडलेही. भावाचं बोलणं त्यांनी आठ वर्षांनी ऐकलं होतं.

बॉनेट बाहेरून नव्यानं रंगवून आणून द्यायला वहिनी तयार होती. काका नको म्हणाले. नव्या रंगासाठी जुना सगळा घासावा लागला असता. म्हणून तिनं फक्त डागावर पारदर्शक लॅकरचा हात दिला. मग तिनं माझ्या वायरीचा प्लग कापला, पुन्हा कुणी घाईत मला हात घालू नये म्हणून, आणि मला फळीवर ठेवलं. तिचं बरोबर आहे, हे मला कळतं. तरी सांगतो, गुन्हा हाताचा आणि शिक्षा मला, हे माझ्या गळी उतरत नाही.

फळीवरून मला रस्ता दिसतो. काका आता दर आठवड्याला येतात. दोन बादल्या घेतात, एक साबणाची, दुसरी धुवायचा हातमोजा खळबळायची, आणि बाह्या वर करून स्वतः गाडी धुतात. मधले सहा दिवस गाडीवर धूळ असते. ती धूळ बघत बसायचं त्यांना किती जड जातं, ते त्यांच्या तोंडावर दिसतं. पण त्यांचा खिसा रिकामा असतो.

काल ते आले तेव्हा बॉनेटवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं लिहिलं होतं: काका गाडी धुवा. अक्षर गोल, शाळेतलं. काका हसले, म्हणाले, "धुतोच आहे की, बाळांनो." पाणी ओतलं, फेस केला, पुन्हा पाणी ओतलं. धूळ वाहून गेली. गाडी उन्हात आली, तर तिन्ही शब्द जिथल्या तिथे. धुळीतून फिरलेल्या बोटानं ते रंगावर कोरले होते.

काकांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं बॉनेट उचललं, टेपवरचा शेवटचा आकडा आणि त्याखालची रेघ पाहिली. मग एकदा वर, फळीवर, माझ्याकडे पाहिलं. आणि नकाराची मान हलवली.

मित्रांनो, तुम्ही गंमत केली असेल. मला ठाऊक आहे, धुळीवर बोट फिरवायला मजा येते. पण ते तीन शब्द आता त्या गाडीवर कायम राहणार. माझ्या वायरीला नवा प्लग लावला तरी मी ते काढू शकणार नाही, कारण काढायला तिथे आता काही उरलेलं नाही.