बाबांचं खमीर

दादा दोन वर्षांनी माझ्या दारात उभा राहिला आणि मी वेडी आनंदाने रडायचीच बाकी होते. "चहा टाक," म्हणाला. मी लगेच आधण ठेवलं.

माझा नवरा दादाच्याच बेकरीत कारागीर होता. एका गिऱ्हाइकाने त्याच्या पावाचं कौतुक केलं, तर दादाने सगळ्यांदेखत तो पाव जमिनीवर आपटला. दादा नाकावर माशी बसू देणाऱ्यातला नाही. नवऱ्याने काम सोडून स्वतःची भट्टी घातली. बाबांच्या खमिरातलं बरणीभर खमीर त्याला मी दिलं. बाबा गेले, पण त्यांनी लावलेलं, पाव फुगवणारं ते आंबट पीठ आम्ही रोज नवं पीठ घालून जगवत होतो. मुलगी म्हणून माझाही त्यावर हक्क होता. दादाच्या लेखी मात्र माझा नवरा चोर!

मी कप आणायला आत गेले. परत आले तर उकळतं आधण दादाने ओट्यावरच्या आमच्या खमिराच्या बरणीत ओतलेलं. वाफ निघत होती, खमीर मेलं होतं.

"आता कर म्हणावं धंदा."

"दादा, मी तुला घरात घेतलं रे!"

"तो येईपर्यंत बसतो. त्याचं तोंड बघायचंय मला."

आणि बसला, पायावर पाय टाकून! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझंच आधण, माझीच बरणी, आणि दार उघडणारीही मीच.

नवरा आला. बरणी बघून मटकन खाली बसला. दादा हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बेकरीतला कारागीर इतका घाबरला होता, की त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"शेठ, खमिराचं पातेलं तुम्ही भट्टीवर ऊब द्यायला ठेवून गेलात. सगळं भाजून वीट झालंय."

"उतरवायला काय झालं होतं?"

"तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही ना, शेठ. मागे एकाने पातेलं नुसतं सरकवलं, तर तुम्ही त्याला हाकललंत."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आमची बरणी ओढली, गरम पाण्यात बोटं घातली, तळ खरवडला. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्या नवऱ्याशी बोलला. "थोडं कुठे काढून ठेवलं असशील ना रे?"

नवऱ्याने नकारार्थी मान हलवली.

दादा उठला. दारात थांबला, माझ्याकडे वळला. एवढं सगळं झाल्यावर आता तरी मला काही म्हणेल, असं वाटलं. खरंच वाटलं मला.

"त्या गाढवांना साधी अक्कल नको?" तो म्हणाला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी त्याच्या तोंडावर दार लावलं आणि मग मात्र बाबांसाठी पोटभर रडले.