रुळापलीकडची विहीर

मोरोक्कोतल्या सबू नदीकाठच्या त्या वस्तीत सकाळपासून बायका चुलीपाशी होत्या. रबातहून रेल्वेची माणसं येणार होती. वेगवान गाडीचा मार्ग वस्ती आणि विहिरीच्या मधून जाणार होता. त्याने लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल, हे गावाला विचारायचं होतं.

विचारायचं म्हणजे सभेसाठी उभारलेल्या तंबूत, पुरुषांना. जमातीच्या सामाईक जमिनीत बाईला वाटा नाही, म्हणून तिला बोलायचाही हक्क नाही, ही तिथली रीत. यामनाचा नवरा वारला, तेव्हा त्याचा वाटा तिच्या दिराकडे, जमातीचा प्रतिनिधी असलेल्या बूअज्झाकडे गेला. तिच्याकडे उरलं त्याच्या घरचं पाणी भरणं.

"इथून पलीकडे रोज कोण जातं?" रेल्वेकडून पाहणीला आलेल्या तरुणीने, इल्हामने विचारलं.

"कोणी नाही," बूअज्झा म्हणाला.

पुदिन्याचा चहा ओतणाऱ्या यामनाने किटली खाली ठेवली.

"मग पाणी काय आभाळातून पडतं, बूअज्झा भावजी? आमच्याच खेपा असतात दिवसभर. कुंपण घातलं तर पार पुलापर्यंत वळसा पडेल."

"चहा द्यायला आलीस ना? दे आणि चालती हो! माझ्या मेलेल्या भावाची तरी लाज ठेव."

तंबूत हशा पिकला. इल्हामचे साहेब द्रीसही हसले. गाडीपाशी येताच ते म्हणाले, "गावाची हरकत नाही, असं लिही."

"साहेब, अर्ध्या गावाला विचारलंच नाही."

"ते अर्धं गाव चहा करतं. लिही."

"नाही लिहिणार. याला परिणामांचं मूल्यमापन म्हणत नाहीत. माझं नाव काढा त्यावरून."

इल्हामची नोकरी गेली. अहवालावर दुसऱ्याने सही केली. यामनाचं बिऱ्हाड बूअज्झाने अंगणात फेकलं. शेजारणीने तिला घरात घेतलं.

पेरणीच्या दिवसांत यंत्रं आली. विहिरीकडे जायला रुळाखालून वाट नकाशात नव्हतीच. यामना सरळ खडीच्या भरावावर जाऊन बसली. तिच्यामागून बूअज्झाची बायको आली, मग सगळ्याच.

"उठवा यांना!" कामावरचा अधिकारी बूअज्झावर खेकसला. "काय हवंय यांना?"

बूअज्झा बोलणार, तोच त्याची बायको कडाडली, "त्याला काय विचारता? तो कधी पाण्याला गेलाय?"

संध्याकाळपर्यंत एकही यंत्र हललं नाही. शेवटी अधिकारी यामनासमोर येऊन उभा राहिला आणि वाट कुठे हवी ते विचारू लागला.

आज रुळाखालून वाट आहे. जमिनीत मात्र यामनाला अजून वाटा नाही. त्यासाठी ती कचेरीत खेटे घालते, आणि तंबूतले तेच पुरुष तिला हसतात. त्या हसणाऱ्यांत आपण नाही ना, एवढं वाचकाने आपल्या घरातल्या बाईला विचारून पाहावं.