तालमीचा रविवार

"मेलेल्या माणसानं चहा मागायचा नसतो," हॅलोबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फायलीतून मानही वर केली नाही.

भिंतीलगतच्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या कवळीमास्तरांनी मुकाट्याने ओठ मिटले. आज ते मेलेले होते. सकाळपासूनच मेलेले असल्यामुळे नाश्त्याचंही त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हा प्रकार त्या घरात दरवर्षी चालायचा. आर्थिक वर्ष संपत आलं की मास्तर एक रविवार ठरवायचे, बायकोला टेबलाशी बसवायचे आणि म्हणायचे, "मी आता नाही, असं समज. ठेवींचे कागद शोध, व्याजावर कर किती बसेल ते काढ, आणि अडीअडचण आली तर आधी काय मोडायचं ते ठरव. मी एक अक्षर बोलणार नाही." अक्षर बोलायचे नाहीत, पण बाईंचा हात चुकीच्या कागदाकडे गेला की घसा खाकरायचे, पाय हलवायचे, अगदीच राहवलं नाही तर कण्हायचे.

"मेलेली माणसं कण्हत नाहीत," बाई सुनवायच्या. "नीट मरा जरा."

मास्तरांचं सारं आयुष्य लोकांच्या दातांत गेलं होतं. दंतवैद्यांकडून साचे यायचे आणि गल्लीच्या टोकाच्या खोलीत मास्तर मेण तापवत, घासत, पुन्हा घासत कवळ्या बनवायचे. कवळी केसभर उंच राहिली तरी माणसाचा जबडा ठणकतो, हे ज्याला ठाऊक असतं तो पैशाच्या बाबतीत ढिसाळ कसा राहील? त्यांच्या मुदत ठेवी एकदम कधी संपायच्या नाहीत. एक संपली की चार महिन्यांनी दुसरी, म्हणजे सगळं व्याज एकाच वर्षात अंगावर येऊन कराचा वरचा टप्पा लागायला नको. म्युच्युअल फंडातले पैसे वर्ष पुरं झाल्याशिवाय काढायचे नाहीत, कारण वर्षानंतर कर कमी. "एक दिवस आधी विकलंस तर सरकारला दान," ते बाईंना बजावायचे, "आणि सरकार काही तुझा सत्कार करायला येत नाही."

बाई दूरध्वनी केंद्रातून निवृत्त झाल्या होत्या. उमेदीची सगळी वर्षं कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, म्हणून गल्लीनं त्यांना हॅलोबाई करून टाकलं. आकड्यांचा त्यांना मनस्वी कंटाळा. तरी त्या दरवर्षी तालमीला बसायच्या, कारण नवरा हे का करतो ते त्यांना कळत होतं. मास्तर त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे, त्यात हृदयाने दोनदा दगा दिलेला. आधी कोण जाणार याबद्दल घरात कुणाच्या मनात शंकाच नव्हती. म्हणून मास्तरांनी जवळजवळ सगळं बाईंच्या नावावर केलं होतं. वारसाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिताना त्यांना हसू यायचं. रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून लिहायचं, एवढंच.

बाईंना वयाच्या नव्वदीपर्यंत काही कमी पडणार नाही, असं सगळं बसवलेलं होतं.

"आणि नव्वदीनंतर?" बाईंनी एकदा विचारलं.

"नव्वदीनंतर लेकीकडे जा आणि तिला छळ."

एक गोष्ट मात्र या चोख हिशेबात कधी बसली नाही, ती म्हणजे खिडकी. निजायच्या खोलीची खिडकी कुण्या शहाण्याने छातीच्याही वर घेतली होती. खाली कपाट मावावं असा त्याचा विचार असावा. पलंगावरून दिसायचं ते आभाळ आणि समोरच्या घराची पाण्याची टाकी. ती खिडकी खाली आणा, म्हणजे रस्ता दिसेल, असं बाई किती वर्षं म्हणत होत्या. मास्तरांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पुढची मुदत संपली की करू." मुदत संपायची, आणि पैसे पुढच्या मुदतीत जाऊन बसायचे.

यंदा थंडीत बाईंच्या पोटात दुखू लागलं. अपचन म्हणून महिना गेला, तपासण्यांमध्ये दुसरा गेला. शेवटी डॉक्टर टेबलामागची खुर्ची सोडून दोघांच्या शेजारी येऊन बसले, तेव्हाच मास्तर काय ते समजले. दुखणं आवरता येईल, आजार नाही. हातात दोन महिने असतील, फार तर तीन.

घरी आल्यावर मास्तरांनी सवयीने फाईल काढली आणि नव्वदीपर्यंतचा तो कागद त्यांच्यासमोर आला. वरची कवळी खालच्या जबड्याला बसवावी तसं सगळं उलटं झालं होतं. इतका विचार केला, इतक्या बाजूंनी केला, आणि हे एक कसं मनात आलं नाही? त्यांना स्वतःचा राग आला, मग नुसतं रडू आलं.

बाई आता बहुतेक वेळ पलंगावरच असायच्या. एका दुपारी म्हणाल्या, "अहो, इथून नुसतं आभाळच दिसतं हो. आभाळ काय, पुढे बघायचंच आहे. माणसं दिसली असती तर बरं वाटलं असतं."

"करू ना," मास्तर लगेच म्हणाले. "दवाखान्याच्या पैशाला हात लावायचा नाही. पण तुझ्या नावावरचा तो फंड आहे, त्याला वर्ष भरायला दीड महिनाच राहिलाय. दीड महिन्याने काढला की कर अगदी थोडा बसेल. मग लगेच गवंडी बोलावतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्यांनीच विषय काढला. "यंदाची तालीम कधी?"

"यंदा कसली तालीम!"

"रविवारी करू. आणि यंदा मी मरते."

"अगं, काहीतरीच काय बोलतेस!"

"इतकी वर्षं तुम्ही मेलात, मी काही बोलले का?"

रविवारी त्यांनी बाईंना धरून वेताच्या खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली, पायांवर शाल घातली आणि स्वतः टेबलाशी बसले.

"चला," बाई म्हणाल्या. "मी आता नाही."

मास्तरांना सगळं तोंडपाठ होतं. त्यांनी ठेवी मांडल्या, व्याज लावलं, कर काढला. फार सोपं होतं, आणि म्हणूनच काही गंमत नव्हती. हे कागद त्यांनी ज्या माणसासाठी रचले होते ते माणूस खुर्चीत होतं. मग फंडाचा कागद आला.

"हा दीड महिन्याने काढायचा," मास्तर मोठ्याने म्हणाले. "आत्ता काढला तर कर जास्त. वर फंडवाले लवकर काढल्याबद्दल थोडे कापणार. म्हणजे आपला दोन महिन्यांचा किराणा गेला समज. थांबू ना?"

खुर्चीतून उत्तर आलं नाही.

"अगं, थांबू ना?"

बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. त्या खाकरल्या नाहीत की कण्हल्या नाहीत. लोक बोलत असताना फोनच्या तारेवर असूनही गप्प राहायचं, हे त्यांच्या नोकरीतलंच काम होतं. मास्तरांसारखं कच्चं मेलेलं माणूस त्या नव्हत्या.

"सांग ना गं. तू सांगशील तसं करतो."

खोली इतकी शांत झाली की मास्तर घाबरले. यापुढे ते असेच विचारणार होते, आणि उत्तर असंच येणार नव्हतं. भाजी कुठली आणू, दार लावलंस का, डावा गुडघा जास्त दुखतोय की उजवा. आणि आपण काय मागतोय? दीड महिना. डॉक्टरांनी हातावर ठेवलेल्या दोनांतला दीड आपण कर वाचवायला मागतोय. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"काढतो," ते म्हणाले. "उद्याच काढतो. बसू दे कर. सही दे तेवढी."

"मेलेल्या माणसाची सही चालत नाही," खुर्चीतून आवाज आला. "उद्या करते." मग थोड्या वेळाने, "चहा टाकता का?"

मेलेल्या माणसाने चहा मागायचा नसतो, हे म्हणायची इतक्या वर्षांत प्रथमच मास्तरांना संधी होती. ती सोडून ते उठले आणि त्यांनी आधण ठेवलं.

गवंडी त्याच आठवड्यात आला. भिंतीवर हातोडा मारण्याआधी म्हणाला, "काका, दोन महिने थांबलात तर बरंच स्वस्तात करून देईन. सध्या हातात कामं फार आहेत."

"स्वस्तात नको," मास्तर म्हणाले. हे शब्द आपल्याच तोंडून आले याचं त्यांना नवल वाटलं.

तीन दिवस घरभर धूळ होती, आणि बाईंचा पलंग बाहेरच्या खोलीत. चौथ्या दिवशी पलंग परत आत गेला, आणि बाईंना रस्ता दिसला. मग काय, दिवसभर त्यांचं वर्णन सुरू. शिंप्याचं आणि वाण्याचं आजही बोलणं बंद आहे. शाळेतल्या त्या जाडजूड मुलीची वेणी रोज सुटते, तिच्या आईला कुणीतरी सांगायला हवं. व्यायाम म्हणून उलटे चालत जाणारे एक आजोबा होते, त्यांच्यावर बाईंचा फार जीव. "अहो, ते आज सरळ चालतायत. बरं नसेल बिचाऱ्यांना." मास्तर पलंगाच्या कडेला बसून हे सगळं ऐकायचे. संसारात इतकं निवांत ऐकणं त्यांच्याकडून कधी झालं नव्हतं.

बाई गेल्या त्या सकाळी फंडाला वर्ष भरायला अजून आठ दिवस होते.

पुढच्या वर्षी बाईंचं शेवटचं विवरणपत्र मास्तरांनी स्वतः भरलं. फंडावरचा सगळा कर त्यात भरला, आणि त्यातून काही सुटतंय का ते पाहिलंसुद्धा नाही. लेकीचा फोन आला, "बाबा, आता कागदपत्रं मला समजावून द्या. या रविवारी येऊ?"

"ये की. पण शनिवारी ये. रविवार आमचा असतो."

रविवारी त्यांनी टेबल खिडकीपाशी ओढलं. वेताची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि उशी झटकून तिच्या पाठीशी लावली. खालून आजोबा चालले होते, चांगले उलटे.

"बरे आहेत," मास्तर खुर्चीला म्हणाले.

मग ते आत जाऊन चहाचे दोन कप घेऊन आले. मेलेल्या माणसाने चहा मागायचा नाही, हा बाईंचा नियम. पण न मागता कुणी दिला तर घ्यायचा नाही, असं काही त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. एक कप मास्तरांनी खिडकीच्या कट्ट्यावर, खुर्चीच्या हाताशी ठेवला आणि फाईल उघडली.