वर्तुळातले विमान

पश्चिम सीमेवरची ती पहाट मोहरीच्या फुलांनी पिवळी झाली होती. दवाने जडावलेली, धुक्याने दबलेली, डिसेंबरच्या थंडीत काकडणारी ती पिवळाई धावपट्टीच्या कुंपणापर्यंत येऊन थांबली होती. कुंपणापलीकडे शेते होती, अलीकडे विमाने होती. मध्ये काटेरी तार होती आणि तारेवर दहिवर गोठले होते.

पूर्वेला केशर सांडले. धुके तांबूस झाले, विमानांच्या पंखांवरचे पाणी तांबूस झाले, पंखांखाली राबणाऱ्या माणसांचे श्वाससुद्धा तांबूस वाफेचे झाले. युद्ध सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. इतक्या सुंदर सकाळी कोणी कोणाला मारील, हे अजून कुणाच्या अंगवळणी पडले नव्हते.

सूर्य वर आला, पण एकटा आला नाही. त्याच्या आडून एक विमान आले. करड्या अंगाचे, अणकुचीदार नाकाचे, शेपटीवर पिवळी पट्टी मिरवणारे. लांबचा वळसा घालून, सूर्याला पाठीशी घेऊन, पाहणाऱ्यांचे डोळे दिपवून ते खाली झेपावले, धावपट्टीच्या कडेने आगीची एक रेघ ओढली आणि निघून गेले. त्या रेघेत नारायण मोहिते सापडला.

नारायण विमानांच्या तोफा भरणारा. तोफ भरतानाच गेला. भोंगा वाजला तेव्हा त्याच्या मांडीवर गोळ्यांचा अर्धा पट्टा होता. अर्धा भरलेला डबा टाकून उठायचे त्याच्या जिवावर आले. खंदक हाकेच्या अंतरावर होता. त्या खंदकात त्याचा जोडीदार कॉर्पोरल हिंदुराव सरनोबत पोचला होता, आणि मातीच्या काठावरून त्याने सगळे उघड्या डोळ्यांनी पाहिले.

दोघे कोल्हापूरकडचे, दोघे एका नदीचे पाणी प्यालेले. हिंदुरावची धाकटी बहीण अनसूया नारायणला देऊ केली होती. सुपारी फुटली होती, माघातला मुहूर्त धरला होता. आता नारायणची पत्र्याची ट्रंक तेवढी गावाकडे निघाली, आणि ती घेऊन जाणाऱ्या जवानाजवळ हिंदुरावने निरोप दिला.

"अनूला म्हणावं, पिवळ्या पट्टीचं इमान खाली पाडल्याबगार तुझा भाऊ घरला येणार न्हाई."

त्या दिवसापासून हिंदुरावला भूक लागेना, झोप लागेना. त्याला फक्त सूड हवा होता. आभाळाकडे पाहताना सूड, तोफेची नळी पुसताना सूड, चहाच्या पेल्यावर बोटे शेकतानाही सूड. कुणी देवाचे नाव घ्यावे तसे तो त्या पिवळ्या पट्टीचे नाव घेई. पण त्याला स्वतःला उडता येत नव्हते. त्याचा सूड दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाने घ्यावा लागणार होता.

ते बोट फ्लाइट लेफ्टनंट रणदिवे यांचे होते. मितभाषी, सडपातळ, विमानात बसण्यापूर्वी विमानाच्या पोटाला एकदा तळहात लावणारे रणदिवे. दोन तोफांचे त्यांचे लहानखुरे विमान भरायचे काम हिंदुरावकडे होते.

गोळ्यांचा पट्टा डब्यात घडीवर घडी घालून निजवायचा आणि झाकणाखाली बोटभर जागा मोकळी सोडायची, म्हणजे तोफ ओढील तसा पट्टा अलगद उलगडत जातो. शिकाऊ पोरालाही हे पहिल्या आठवड्यात कळते. हिंदुरावला ते झोपेतही आले असते. पण एका सकाळी ती बोटभर मोकळी जागा त्याला पाहवेना. तिथे नारायणच्या वाटच्या गोळ्या बसतील असे त्याला वाटले. त्याने पट्ट्याला आणखी गोळ्या जोडल्या, घड्या दाबल्या, झाकणावर गुडघा रोवला आणि कडी लावली. दुसऱ्या डब्याचेही तसेच केले. त्याच्या मनाला थोडे बरे वाटले.

पिवळ्या पट्टीचे विमान त्याच दिवशी पुन्हा आले. रणदिवे उडाले. मोहरीच्या शेतांवरून, बाभळींच्या शेंड्यांवरून, कालव्याच्या चकचकीत पाण्यावरून दोन विमाने एकामागे एक गेली. पुढे करडे, मागे रणदिव्यांचे रुपेरी. खंदकातली माणसे उभी राहिली. हिंदुराव तर खंदकाच्या काठावर चढून उभा होता. लांबवर तोफांचा एक तुटका खोकला ऐकू आला. मग नुसता वारा वाहत राहिला. रुपेरी विमान परतले आणि थोड्या वेळाने टेहळणीच्या ठाण्यावरून फोन आला, की करडे विमान सुखरूप सीमेपार गेले.

तोफांच्या तोंडावर चिकटवलेले कागद फाटलेले होते, म्हणजे गोळी सुटली होती. रणदिवे शिडीवरून उतरले. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता.

"दोन्ही तोफा अडल्या, सरनोबत," ते म्हणाले. "तो समोर होता, आणि दोन्ही अडल्या."

हिंदुरावने डब्याची कडी काढली, झाकण उचलले. वरचा दाब गेला आणि पट्टा सळसळत, निमूटपणे हातात आला. कुठे पीळ नाही, कुठे तेढ नाही. अडल्याची एकही खूण नाही. दोन-तीन गोळ्या गेलेल्या, बाकी सगळ्या जागच्या जागी, पिवळ्याधमक, उन्हात चमकणाऱ्या. त्या पाहून हिंदुरावच्या डोक्यात रक्त चढले.

"तोफा न्हाई अडल्या, सायेब," तो म्हणाला. "बोट अडलं."

सभोवती उभी असलेली माणसे दोन पावले मागे सरली. कॉर्पोरलने अधिकाऱ्याला असे बोलणे म्हणजे बाहीवरच्या फिती गेल्याच म्हणायच्या. रणदिवे त्याच्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी शिरस्त्राण काखेत मारले आणि ते चालू लागले.

आता हिंदुरावच्या सुडाला दोन तोंडे फुटली. एक सीमेपारच्या पिवळ्या पट्टीकडे वळलेले, दुसरे आपल्याच तळावरच्या या सडपातळ, अबोल माणसाकडे. हे दुसरे तोंड जास्त विषारी होते, कारण ते जवळ होते. जेवणाच्या रांगेत, पेट्रोलच्या टाकीपाशी, पाण्याच्या नळावर तो ज्याला त्याला सांगत सुटला, की साहेबांनी तोफेच्या घोड्याला नुसते बोट लावले आणि शेपूट घातले. नारायणला ज्याने मारले त्याला साहेबांनी हाताने सोडून दिले. नळावरची माणसे मान खाली घालून बादल्या भरत राहिली. हिंदुरावला मात्र बोलताना गोड वाटत होते.

तळावर एक माणूस होता जो खरे-खोटे दाखवू शकत होता. फोटो विभागातला सार्जंट वामन ताम्हनकर. रत्नागिरीकडचा, डोळ्यांच्या कडा फोटो धुण्याच्या औषधांच्या वाफेने सदा लाल झालेला. लढाऊ विमानाच्या नाकात एक लहानसा कॅमेरा असतो. तोफेचा घोडा दाबला की तो चालू होतो, घोडा सोडला की बंद पडतो. तोफेने काय पाहिले ते तो टिपून आणतो. ताम्हनकर ती फिल्म धुऊन पडद्यावर लावी.

"लावा, सार्जंट," हिंदुराव त्याच्या दारात जाऊन म्हणाला. "सगळ्यांम्होरं लावा. साहेबांचं बोट किती येळ टिकलं ते दिसू दे."

"दिसेल हो," ताम्हनकर म्हणाला. "जे असेल तेच दिसेल. पण मग बघून घे नीट."

भर दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या गेल्या. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. आणि त्या काळोखात औषधांचा, घामाचा, विझलेल्या विडीचा वास. रणदिवे मागच्या भिंतीशी उभे राहिले. हिंदुराव सर्वांच्या पुढे बसला. यंत्र घरघरले. पांढऱ्या चादरीवर आभाळ उमटले.

आभाळात एक वर्तुळ होते, नेम धरण्याचे. वर्तुळाच्या मध्यात ते विमान होते. काळ्यापांढऱ्या चित्रात त्याची पिवळी पट्टी पांढरी उमटली होती, पण हिंदुरावने ती ओळखली. चित्र एकदा थरथरले, आणि मग थरथर थांबली. विमान तसेच राहिले. मोठे झाले. आणखी मोठे झाले. पंखांवरची खिळ्यांची ओळ दिसू लागली, काचेआडच्या वैमानिकाचे डोके दिसू लागले. ते डोके वळले, मागे पाहू लागले. अजून चित्र चालूच होते. स्वच्छ, स्थिर, न संपणारे चित्र. चादरीवर सूड होता, वर्तुळात होता, हाताशी होता, आणि काही केल्या घडत नव्हता. अखेर फिल्म सरली आणि चादर कोरी झाली.

काळोखात ताम्हनकरचा सावकाश आवाज आला.

"तोफ सुटते तेव्हा सगळं विमान हादरतं, म्हणून चित्रही हादरतं. इथं सुरुवातीला हादरलं. पुढं बघितलंस ना, कसं गप्प आहे? तोफा बंद, आणि कॅमेरा चालू. कॅमेरा चालू म्हणजे घोडा दाबलेला. फिल्म संपली, सरनोबत, पण साहेबांनी बोट उचललं नाही."

कुणीतरी घोंगडी ओढली. ऊन आत आले. हिंदुराव आपल्या गुडघ्याकडे पाहत बसला होता. झाकणावर रोवलेला तो गुडघा. त्या गुडघ्याखाली चेपलेल्या, हलायला जागा नसलेल्या, नारायणच्या नावाने कोंबलेल्या गोळ्या त्याला दिसत होत्या. त्याच्या सुडाने त्याच्या तोफेचा गळा दाबला होता. मोहितेचा मारेकरी जिवंत होता, आणि तो हिंदुरावने वाचवला होता.

माणसे पांगली. हिंदुराव उठला, रणदिव्यांसमोर जाऊन ताठ उभा राहिला आणि त्याने सगळे सांगितले. क्षमा मागितली नाही. ती मागायला त्याला तोंड नव्हते.

रणदिव्यांनी त्याचे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग त्यांचा आवाज कोरडाच निघाला.

"नळावर मला भेकड म्हणालात, ते मी विसरणार नाही. पण उद्या विमान तुम्हीच भरा. डब्यात मावतात तेवढ्याच गोळ्या घाला, सरनोबत. राग मी वर घेऊन जाईन."

हिंदुरावने डबे भरले. घडीवर घडी, बोटभर जागा मोकळी. इतके निर्दोष, इतके निगुतीने त्याने आयुष्यात कधी भरले नव्हते. सूर्य उगवला की तो सूर्याकडे पाही, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत पाही. ये, असे मनात म्हणे. एकदा ये. रणदिवे पट्टे आवळून विमानात बसून राहत. केशर सांडे, धुके विरे, मोहरी वाऱ्यावर डोले, आणि सूर्य एकटाच वर येई. पिवळ्या पट्टीचे विमान पुन्हा फिरकले नाही.

मग रेडिओने युद्धबंदी सांगितली. माणसांनी टोप्या उडवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. हिंदुरावने विमानाखाली बसून तोफा रिकाम्या केल्या. एकेक गोळी बाहेर येत होती, थंड, निष्कलंक, न वापरलेली. आपण जिंकलो, असे सगळे म्हणत होते. त्याला ते खरे वाटत नव्हते.

हिंदुराव रजेवर निघाला तेव्हा ताम्हनकरने त्याला फिल्ममधल्या एका चित्राचा मोठा केलेला फोटो दिला. हे नियमात बसणारे नव्हते. हिंदुरावने हट्टच धरला होता, आणि त्याचे तोंड पाहून ताम्हनकरला नाही म्हणवले नाही.

गावात माघ लागला होता. उसाचे तुरे पांढरे झाले होते, गुऱ्हाळांचा गोड धूर शिवारावर तरंगत होता. अनसूया दारात उभी होती. हातात नवा चुडा नाही, कपाळावर नवे कुंकू नाही. डोळे कोरडे, आणि भावाच्या तोंडावर रोखलेले.

"पाडलास त्याला?"

हिंदुरावने फोटो तिच्या हातात दिला. तिने तो उजेडाकडे धरला.

"ह्योच का त्यो?"

"व्हय."

"मग ह्यो तर वरच हाय की, दादा."

तेव्हा त्याने तिलाही सगळे सांगितले. डबा, गुडघा, कडी, आणि साहेबांना बोललेले विषसुद्धा. ती ऐकत राहिली. रडली नाही, ओरडली नाही, त्याला शिव्या दिल्या नाहीत. भाऊ म्हणून त्याला तिच्या शिव्या हव्या होत्या. तिने त्या दिल्या नाहीत, हाच तिचा सूड असावा.

ती आत गेली. तिने खिळा शोधला, वरवंट्याने तो भिंतीत ठोकला. ज्या भिंतीसमोर हिंदुराव लहानपणापासून जेवायला बसे, त्याच भिंतीत. फोटो तिने खिळ्याला अडकवला, वाकडा झालेला सरळ केला.

"जेवताना दिसंल तुला," ती म्हणाली.

मग तिने पाट मांडला, ताट वाढले. भाकरीची वाफ वर चढली. चुलीतला जाळ भिंतीवर हलू लागला, तांबूस, केशरी, पुन्हा तांबूस. आणि त्या हलत्या उजेडात, वर्तुळाच्या बरोबर मध्यात, नेमात, पल्ल्यात, हाताच्या अंतरावर ते विमान उडत राहिले, उडतच राहिले.