दुसऱ्या रिळातला कौल

दूरदर्शनवाले येणार म्हटल्यावर पाळी गावच्या शाळेत हेडमास्तरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मुतारीला चुना लावून घेतला. आता टीव्हीवर मुतारी कोण दाखवणार होतं? पण एकेकाचा स्वभाव असतो. खाणीची तांबडी माती शाळेच्या भिंतींवर, बाकांवर, पोरांच्या कॉलरींवर बसलेली, तिला काही चुना लागला नाही.

मुंबईहून आलेल्या शालिनीबाई मालिका करत होत्या. वेगवेगळ्या गावांतली दहावीची मुलं घ्यायची, वर्षभर त्यांच्या मागं हिंडायचं आणि पुढं काय होतं ते जसंच्या तसं दाखवायचं. हेडमास्तरांनी शाळेच्या कमिटीतल्या एकाचा पुतण्या पुढं केला, केस चापून चोपून बसवलेला. शालिनीबाईंनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, बाकावरची सुमंगला उचलली. मुलीचा चेहरा बोलका आहे म्हणाल्या. हे ऐकून वर्ग फिदीफिदी हसला, कारण चेहरा बोलका असला तरी सुमंगला स्वतः मुलखाची घुमी होती.

सुमंगलाचा बाप भिकाजी खनिजाचा ट्रक चालवायचा. मूळ माणूस दोडामार्गाकडचा. लग्नानंतर पोटामागं इकडं आला आणि चंद्रावतीबाईंच्या खोल्यांत भाड्यानं राहिला. मुलीचं गणित चांगलं. चांगलं म्हणजे काय, कृष्णनाथ सर स्वतःचं उत्तर चुकलं का म्हणून तिच्या वहीत बघायचे. तिला पुढं म्हापशाला जाऊन सायन्स घ्यायचं होतं. तिथं मुलींचं वसतिगृह होतं, सरांनी चौकशीही करून ठेवली होती.

आणि नेमका त्याच वर्षी गावी आजोबा गेले. आजी एकटी, काजूची बाग उघडी पडलेली. भिकाजीनं ठरवलं की दहावीची परीक्षा आटपली की ट्रक सोडायचा आणि बिऱ्हाड घेऊन गावी जायचं. आता सुमंगलाचं काय? गावाजवळ अकरावी नव्हती. म्हणजे एक तर पोरीला परक्या गावात एकटी ठेवायची, नाही तर शिक्षण बंद. यशोदा, तिची आई, एक दिवस म्हणायची जाऊंदे, दुसऱ्या दिवशी म्हणायची कशाक जाऊंदे. भिकाजी तर काहीच म्हणेना. ट्रक घाटात उलटा फिरवणारा माणूस, पण ह्या एका प्रश्नापुढं त्याचं चाक रुतून बसलं. शेवटी एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "सातेरीक इचारूया. ती सांगात तसा."

शालिनीबाईंच्या कानावर हे गेलं मात्र, त्यांना आनंदाचं भरतंच आलं. एका मुलीचं भवितव्य, देवीचा कौल, आणि तेही कॅमेऱ्यासमोर! त्या स्वतः भिकाजीच्या घरी आल्या, पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे पाव आणि पातळ भाजी मांडी ठोकून जेवल्या, यशोदेच्या हाताची तारीफ केली. एवढं झाल्यावर भिकाजी नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? सुमंगलाला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती.

त्यांच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, सातेरीच्या देवळात बाबली गुरव कौल लावायचा. तांबड्या पिटकुळीच्या फुलांच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवीकडची पाकळी आधी सुटली तर होकार, डावीकडची सुटली तर नकार. साधी गोष्ट. फक्त देवी कधी उत्तर देईल ते तिच्या मर्जीवर. कधी चटकन देते, कधी माणसाच्या मांड्या बधिर होईस्तोवर बसवून ठेवते.

कॅमेरामनला हे कोणी सांगितलंच नव्हतं. बाबलीनं आवाज चढवून गाऱ्हाणं घातलं, "आई माउली, भिकाजीचा चेडू शिकाक म्हापशाक धाडूचा काय नाय, ह्येचो तू निवाडो कर!" आणि इकडं कॅमेरा सुरू झाला. चालला, चालला, खरखरत चालला. पाकळ्या जागच्या हलेनात. घंटेवर एक माशी बसली, उठली, परत बसली. कॅमेरामनच्या कपाळावरून घाम ओघळला. आणि खरखर बंद पडली. रीळ संपलं.

उजेड लागू नये म्हणून त्यानं काळ्या पिशवीत हात घालून चाचपडत दुसरं रीळ भरायला घेतलं, आणि तेवढ्यात डावीकडची पाकळी टपकन खाली आली.

भिकाजीनं हात जोडले. यशोदेनं पदर तोंडाला लावला. सुटल्यासारखं वाटलं की वाईट वाटलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. सुमंगला खाली पडलेल्या त्या पाकळीकडं बघत राहिली. इतकं सगळं शिकून, इतकी गणितं सोडवून, आपलं उत्तर एवढ्याशा ओल्या पाकळीनं द्यावं, ह्याचा तिला संताप आला. देवीसमोर संताप आला म्हणून भीतीही वाटली.

शालिनीबाईंनी मात्र कपाळावर हात मारून घेतला. "अहो गुरव, एकदाच परत लावाल का? आमचं आलंच नाही हो त्यात!"

बाबली त्यांच्याकडं असं बघत राहिला, जणू बाईंचं डोकं ठिकाणावर नसावं. "बाये, देवीक परत इचारूचा नसता. एकदा सांगल्यान, झाला. ती काय तुमच्या पगारार आसा?"

मग सुरू झाली मनधरणी. बाई म्हणाल्या, वर्षभराची मेहनत फुकट जाईल. म्हणाल्या, मुंबईत उत्तर काय देऊ? डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि ते खोटं नव्हतं. घरी जेवून गेलेली बाई देवळात रडते आहे, हे भिकाजीला बघवेना. तो चुळबुळत बाबलीला म्हणाला, "बघ रे काय तरी." भीड वाईट, दुसरं काय! अखेर बाबलीनं तोडगा काढला. नुसत्या पाकळ्या लावायच्या. गाऱ्हाणं नाही, प्रश्न नाही. प्रश्नच नाही तर उत्तर कसलं? तो ओठ हलवील, बाईंनी त्यावर काय हवं ते म्हणावं.

त्यानं नव्या पाकळ्या लावल्या आणि कॅमेऱ्याला पाठमोरा होऊन हळूच पुटपुटला, "आये, ह्या सगळा खोटा खोटा आसा. मनार घेव नको." एवढं ऐकण्याइतकी सुमंगला जवळ उभी होती.

आणि तिथंच तिच्या डोक्यात कृष्णनाथ सर बोलले. सरांचा एकच हेका असायचा: उत्तर आलं म्हणून पेन खाली ठेवायचं नाही, उलट करून ताळा घ्यायचा. तिनं डोळे मिटले. बाबलीनं काही विचारलं नव्हतं, बाबांनी काही विचारलं नव्हतं. तिनं विचारलं, मनातल्या मनात, आणि उलट करून विचारलं: मी गावी जाऊन राहू का? डावी पडली तर पहिलं उत्तर खोटं, आपण मोकळे. उजवी पडली तर ताळा जुळला.

ह्या खेपेला देवीनं फार वेळ लावला नाही. उजवी पडली.

"वा! कट!" शालिनीबाईंनी टाळ्या वाजवल्या. "उजवी पडली! किती सुंदर पडली!"

सुमंगला देवळाच्या मागं जाऊन तुळशीपाशी उभी राहिली. रडली नाही. ताळा जुळल्यावर रडायचं कशाला?

घरी भिकाजी एवढंच म्हणाला, "देवीन नाय म्हटल्यान. आता तो विषय नको." विषय संपला. सुमंगला परीक्षेला बसली, पेपर चांगले गेले, तेही कॅमेऱ्यात आलं. शेवटचा पेपर झाल्यावर शालिनीबाईंनी तिला जवळ घेतलं, पत्ता दिला, आणि मंडळी सामानसुमान गाडीत टाकून मुंबईला गेली. यशोदेनं भांडी गोणपाटात बांधायला काढली.

मे महिन्यात मालिका लागली. टीव्ही चंद्रावतीबाईंच्या घरी. ओसरी भरली, पायऱ्या भरल्या, जनेलातून माना आत आल्या. आपली शाळा दिसली तसा एकच गिल्ला झाला. सुमंगला पडद्यावर चालत होती, जेवत होती, फळ्यावर गणित सोडवत होती. मग देऊळ आलं. बाबली आला, ओठ हलवणारा. पाकळ्यांवर कॅमेरा थांबला. उजवी पाकळी सुटली, आणि मागून निवेदन करणारा मुंबईचा गोड आवाज म्हणाला, देवीनं सुमंगलाला शिकायची परवानगी दिली आहे.

मग चंद्रावतीबाईंनी मान वळवली. "भिकाजी, देवीन उजवो दिल्लो? आनी तू सगळ्यांक डावो म्हणून सांगत फिरलंस?"

"तसा नाय ओ बाय, तो दुसऱ्यांदा..." भिकाजी उठून उभा राहिला. दुसऱ्यांदा काय? देवीला खोटं खोटं बसवलं म्हणून सांगायचं? बाबली गर्दीतून ओरडला की पहिली पाकळी डावीच होती, उजवी दुसऱ्या खेपेची होती, त्यात काही विचारलं नव्हतं. पण त्याचं कोण ऐकतो! सगळ्या वाड्यानं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. हॉस्टेलात घालायचं जिवावर आलं म्हणून बापानं देवीचा कौल लपवला, असं दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका बोलल्या. तिसऱ्या दिवशी खाणीवर गडी बोलले. पुढं तर दोडामार्गाहून भिकाजीचा चुलतभाऊ मुद्दाम एसटीनं आला आणि म्हणाला, देवीशी असा खोटेपणा आपल्या घराण्यात कोणी केला नव्हता.

भिकाजी कामावरून यायचा, हातपाय धुवायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. जेवण अर्धं टाकायचा. यशोदा रागावली, रडली, काही फरक पडेना. खरं बोलणारा माणूस गावात खोटा ठरला होता.

सुमंगलाला ते बघवेना. तिच्या एकटीच्या हातात असं काही होतं की बापाच्या छातीवरचा दगड उतरला असता. ती उजवी पाकळी परवानगीची नव्हतीच. देवीनं दोनदा नाही म्हटलं होतं, एकदा सुलटं, एकदा उलटं. बाबा खरं बोलले होते. हे सांगितलं की बाबांचं मन तरी शांत झालं असतं. आणि हे सांगितलं की म्हापसा कायमचा गेला असता, कारण दोनदा मिळालेला नकार भिकाजीनं मेला तरी मोडला नसता. वाड्यावरचे लोक दामटून म्हणतायत म्हणून तरी बाबा आपल्याला धाडतील, अशी एक आशा तिच्या मनात डोकावत होती. त्या आशेची तिला लाज वाटायची. दोन रात्री तिला झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी ओढ्यावर ट्रक धूत होता. उद्या तो मालकाला परत द्यायचा होता. चाकांमधून तांबडं पाणी वाहत होतं. सुमंगला येऊन मडगार्डापाशी उभी राहिली.

"बाबा, माका सांगूचा आसा तुमका."

"थांब," भिकाजी म्हणाला. त्यानं बादली खाली ठेवली, पण तिच्याकडं बघितलं नाही. "आधी माझा आयक. कोणाक सांगलंय नाय मी. आईकपण नाय." तो ओल्या फडक्यानं टायर पुसत राहिला, पुसलेलाच परत पुसत राहिला. "बाबलीन दुसऱ्या खेपेक इचारूक नाय. पण मी इचारलंय. मनात. म्हटलंय, आये, रागाव नको, एकदा परत सांग, धाडू चेडवाक? रवलाच नाय माका. आणि तिना उजवो दिल्यान."

सुमंगला मडगार्ड सोडून त्याच्याकडं बघू लागली.

"तेव्हा भ्यायलंय मी," भिकाजी म्हणाला. "देवीक दोनदा इचारणारो मी कोण? म्हणान डावोच धरून बसलंय. पण आता सगळे म्हणतत मी लपवलंय, आणि मी लपवलंयच ना? ती देता आणि मी घेणय नाय. एवढे दिस माका ह्याच खाता." त्यानं फडक्याच्याच हातानं डोळे पुसले. आता त्यानं वर बघितलं, आणि किती दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झालेला तिला दिसला. "तू म्हापशाक जा. सरांक सांग, मी येतंय उद्या."

पाणी वाहत होतं. एकच पाकळी पडली होती आणि दोघांनी आपापला प्रश्न घालून ती उचलली होती. आपला प्रश्न सांगितला तर बापाचं उत्तर जातं. तिला मांडता येईल असं हे गणितच नव्हतं. बाप आनंदानं रडतो आहे, एवढं मात्र तिला स्पष्ट दिसत होतं.

भिकाजीनं फडकं पिळलं. "आणि तू काय सांगत होतंस गे?"

"काय नाय," सुमंगला म्हणाली.

"मगे देवीच्या पाया पडून ये जा. तिच्यामुळा झाला सगळा."

ती गेली. देवळात कोणी नव्हतं, एकटा बाबली निर्माल्य गोळा करत होता. तिला बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं पाण्याच्या तांब्याकडं हात नेला. "काय गो बाय, पाकळी लावू?"

"नको!" सुमंगला इतक्या जोरात म्हणाली की बाबली दचकला. मग तिनं देवीकडं न बघताच हात जोडले आणि आली तशी बाहेर पडली.