कमरेचा कल

ज्योत्स्नाची कंबर दुसऱ्या बाळंतपणानंतर दुखायला लागली. चोपडा गावात हाडं बसवणारे शालिग्रामनाना होते. त्यांनी तिला उभं करून पाहिलं आणि कमरेचं हाड एका बाजूला सरकलंय, असं सांगितलं. सरकलेलं हाड घरात सगळ्यांना पटलं. सासू सुनंदाबाईंनी तिला पाण्याचे हंडे आणि केळीचे घड उचलायला लावणं सोडलं.

दुखणं मात्र हटेना. शेवटी नवरा हितेंद्र तिला जळगावला फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेला. दिपमाला मॅडमनी तिला चालवलं, वाकवलं, एका पायावर उभं केलं. प्रत्येक वेळी ती श्वास कोंडून, अंग ताठ करून हलायची. मग मॅडमनी कमरेच्या दोन्ही हाडांवर बोटं टेकवली. डावी बाजू किंचित वर होती.

"म्हणजे सरकलंच आहे," हितेंद्र म्हणाला.

एवढा फरक पुष्कळांत असतो, हे दाखवायला मॅडमनी त्यालाच उभं केलं. त्याची बाजू तिच्याहून जास्त वर निघाली.

"तुमची दुखते का?"

"कधीच नाही."

"मग हिचंही दुखणं त्या कलामुळे नाही. दुखणं खरं आहे, पण हाड जागेवर आहे. भीतीनं कंबर आखडलीय. व्यायामानं सुटेल."

ज्योत्स्नाला फार हलकं वाटलं. परतताना बसमध्ये ती व्यायाम मनात घोळवत होती.

घरी त्याने आईला एवढंच सांगितलं, की हाड जागेवर आहे, आणि माझी कंबर तर हिच्याहून वाकडी.

"मंग इतला साल नाटकच करत व्हती का तू?" सुनंदाबाईंनी विचारलं.

मॅडम दुखणं खरं म्हणाल्या, हे ज्योत्स्नाने सांगून पाहिलं. नवऱ्याकडे बघितलं. तो चहा पीत राहिला.

सकाळी हंडे तिच्यापुढे आले. ती व्यायामाला सतरंजीवर आडवी झाली, की सासू ती खालून ओढून घेई. पाहुणे आले की हितेंद्र तिला शेजारी उभं करी, मॅडमसारखी बोटं तिच्या कमरेवर दाबी आणि कोण वाकडं ते ओळखायला लावी. पाहुणे हसत. तिची जाऊही हसे.

पुढे मॅडमचा चौकशीचा फोन आला. ज्योत्स्ना समोरच ओट्याला धरून उभी होती; तिला सरळ होता येत नव्हतं.

"एकदम बरी आहे, मॅडम," हितेंद्र म्हणाला. "आता घडसुद्धा वाहते."

मॅडमना मनापासून आनंद झाला. व्यायाम चालू ठेवायला सांगून त्यांनी फोन ठेवला.